रोल कोरा नव्हता

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही, आणि ती बिचारी आता ऐकायलाही नाही. मुलाला सांगणं तर शक्यच नाही. तुम्ही म्हटलं तर परके — पण परक्याजवळच असलं काही तोंडातून निघतं, नाही का? बसा जरा. मुद्द्यावर यायला मी वेळ लावीन. चिडू नका. चाळीसेक वर्षं लावलीच आहेत, त्यात आणखी थोडी मिनिटं.

मी मूळचा अमळनेरकडचा. आमच्याकडचे सगळे सुरतेला यायचे ते यंत्रमागावर. मी उधन्यात एका फोटो स्टुडिओत चिकटलो. शेठ सुरती, मनाने दिलदार, अंगाने आळशी. फोटो काढा, रोल धुवा, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाच्या तोंडावरचे देवीचे व्रण बुजवा — सगळं माझ्याच गळ्यात. माझा हात चांगला होता. हे मात्र मी नम्रपणा न करता सांगतो.

शेठचे काका आफ्रिकेहून परत येताना जुन्या विलायती फोटोंचं एक पाकीट घेऊन आले होते. उघड्या अंगाचे पुरुष. कुणाला कमरेपुरता कपडा, कुणाला तोही नाही. मागे काळा पडदा, एका बाजूने उजेड, आणि खांद्यापासून मांडीपर्यंत प्रत्येक स्नायू हाताला लागेल असा. शेठ ते दाखवून म्हणायचे, ‘आ तो कला छे!’ आणि हसायचे. मीही हसायचो. मग शेठ दुपारी जेवायला घरी गेले, की पाकीट परत काढायचो. मनाला सांगायचो, उजेड शिकतोय. उजेड शिकलोही, खोटं कशाला बोलू? पण उजेड शिकताना कुणाच्या तोंडाला कोरड पडते? सांगा ना. माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं, आणि मी तिथे त्या दिवंगत गोऱ्यांच्या पाठी बघत बसायचो. आता त्याला शब्द आहेत. माझी नात जेवताना सहज बोलते ते. माझ्या तोंडात ते अजून बसत नाहीत.

बघा, अजून रामदासपर्यंत आलोच नाही.

रामदास दोंडाईचाकडचा, चोविशीचा. बारा तास मागावर उभा राहायचा आणि उरलेल्या वेळात आखाड्यात. काळाभोर. नुसता सावळा नव्हे — काळाभोर, आणि काय अंग होतं हो त्याचं! एकदा स्टुडिओच्या दारात येऊन उभा राहिला तर आतला उजेड कमी झाला, इतका रुंद. बडोद्याला शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा होती. अर्जाबरोबर समोरून, बाजूने आणि पाठीमागून असे तीन फोटो पाठवायचे, त्यावरून निवड. वर आलेल्याला खेळाडू म्हणून सरकारी नोकरी मिळते, असं त्याच्या उस्तादांनी सांगितलं होतं. म्हणजे माग सुटणार, एका खोलीत दहा जणांनी पाळीपाळीने झोपणं सुटणार. सगळं त्या तीन फोटोंवर होतं. आणि ते मला माहीत होतं. हे नीट ऐका — मला माहीत होतं.

शेठला विचारून मी रविवारी दुपारी फुकट काढून देतो म्हटलं. तो आला, आखाड्यात लावतात तसं तिळाचं तेल अंगभर चोपडून. लंगोट लाल. मी काळा पडदा लावला, एकच दिवा डावीकडे ठेवला, पाकिटातल्यासारखा. हनुवटी वर करायला मी त्याच्या हनुवटीला बोट लावलं. बस्स, तेवढंच. जन्मात तेवढंच.

त्याच संध्याकाळी रोल धुतला. डार्करूममधून फिल्म बाहेर काढून उजेडात धरली आणि बघतच राहिलो. तसे फोटो मी त्याआधी काढले नव्हते आणि पुढेही निघाले नाहीत.

सोमवारी रामदास विचारायला आला. आणि मी म्हणालो — रोल कोरा निघाला.

का? आता फोटो दिले की हा जाणार. एवढंच होतं मनात. दुसरा विचारच नव्हता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! म्हटलं, तेलाची चकाकी आड आली, पुढच्या रविवारी तेल न लावता ये.

तो आला. पुन्हा रोल धुतला, पुन्हा एक नंबर. आणि पुन्हा मी कोरा सांगितला. या वेळी तेलाचं कारण नव्हतं. म्हणून मी म्हणालो — हे म्हणताना त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही — म्हणालो, तुझा रंग फार काळा आहे, फिल्मवर उमटत नाही.

तिसऱ्या रविवारी तो रगडून अंघोळ करून, अंगाला पावडर फासून आला. पावडर! काळ्या छातीवर पांढरे पट्टे. मला हसू यायला हवं होतं, किंवा लाज तरी. मी ओल्या फडक्याने त्याची पाठ पुसली आणि सांगितलं, बाहेरच्या देशात लंगोटाशिवाय पाठमोरा काढतात, त्याने रेषा उठते. चक्क थाप. लंगोटाचा पक्का माणूस तो, त्याने लंगोटाची गाठ दोनदा चाचपली. मग मला डोळे मिटायला सांगितले आणि पडद्याकडे तोंड करून उभा राहिला. मी उघडले डोळे. फोटो काढायला उघडायलाच लागणार होते.

तोही रोल कोरा सांगितला, आणि अर्जाची मुदत त्या आठवड्यात संपली. दुसऱ्या स्टुडिओत तो गेला नाही. का जाईल? माझ्याइतका जाणकार माणूस सांगतोय, की तू फिल्मवर उमटतच नाहीस. उलट मलाच समजावत होता, ‘जाऊ दे भाऊ, तुना काय दोष? मना रंगच असा शे.’ केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हेच.

पुढे त्याने माग सोडला आणि चलथाणच्या साखर कारखान्यावर उसाच्या मोळ्या उतरवायच्या कामाला लागला. माझंही लग्न झालं. संसार नेटका केला, बायकोला कधी दुखवलं नाही — निदान तिला कळेल असं नाही. पण गळिताच्या दिवसांत मी वर्षातून एकदा चलथाणची बस धरायचो. समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, दोन चहा घ्यायचे, तो दिसेपर्यंत. तो दिसायचा. दर वर्षी थोडा वाकलेला. मी त्याला हाक मारली नाही. हाक मारून काय बोलणार होतो? पैसे देऊन परत फिरायचो. घरी सांगायचो, बारडोलीला मित्राकडे गेलो होतो. तसा मित्र कुणी नव्हताच.

मागच्या महिन्यात एक माणूस इथे भेस्तानला माझं घर शोधत आला. पस्तिशीचा, तसेच खांदे. रामदासचा मुलगा. रामदास गेला, दहावं झालं, म्हणाला. आणि घरात हार घालायला फोटो नाही. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर नुसता काळा डाग आला. कॅमेरा असो की मोबाईल, समोर धरला की आयुष्यभर तोंडावर हात घ्यायचे, म्हणे. ‘मना फोटू येत नही’, असं म्हणायचे. स्वतःच्या लग्नातही काढू दिला नाही, मुलाच्या लग्नात मांडवाच्या मागे जाऊन बसले.

‘काका, पप्पा तुमचं नाव फार घ्यायचे ने. तीन रविवार तुम्ही फुकट मेहनत घेतली म्हणून. वाटलं, एखादा तरी असेल तुमच्याकडे. कसाही चालेल.’

छत्तीस आहेत. तीन रोल, एकेका रोलवर बारा. एकही कोरा नाही. पलीकडच्या खोलीत, माझ्या कपाटात, कापडात गुंडाळलेले.

मी म्हणालो, नाही बेटा, एकही नाही.

तो माझ्या पाया पडला. मी सुखी राहा म्हटलं. जाताना त्याने स्वतःचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये घालून दिला. अजून आहे तो नंबर.

तुम्हाला वाटेल, घाबरलो म्हणून नाही म्हणालो. म्हाताऱ्याची अब्रू, मुलगा-सून काय म्हणतील, वगैरे. मीही दोन दिवस स्वतःला तेच सांगितलं. पण ते खरं नाही. तो पोरगा ‘कसाही चालेल’ म्हणाला तेव्हा माझ्या मनात भीती आलीच नव्हती. पहिलं जे आलं ते हे, की देणार नाही. माझा आहे तो. तुम्हा घरच्यांना सगळं मिळालं — त्याचं हसणं, त्याचं म्हातारपण, त्याला दिलेला खांदा. मला एवढाच मिळाला.

आणि आजही तेच वाटतं.