गळलेली पिसे

संकेश्वरच्या शाळेत माझा वर्ग चालू असताना निपाणीहून माणूस आला आणि दारातच मान खाली घालून उभा राहिला. तो काही बोलण्याआधीच मला कळले... माझी थोरली बहीण, आक्का, गेली त्याला आज पाच आठवडे झाले.

अकाली विधवा झालेल्या आक्कानेच मला वाढवले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो तिच्यामुळे. आम्ही जैन. मुनिमहाराज बसण्याआधी जागेवरचे किडे-मुंग्या मोरपिसांच्या ज्या झुबक्याने हळुवार बाजूला सारतात, ती पिंछी आमच्या भागात आक्का बांधत असे. पिसे मोराने आपणहून टाकलेलीच हवीत, हा तिचा कटाक्ष. तिचा हात पाहून कुणीतरी बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाचे काम आणले. त्याला बारीक, मऊ पिसे हवी होती. शेतात गळलेली तित्तिराची, होल्याची पिसे आक्का वेचून आणी. रिठ्याच्या कोमट पाण्यात धुई, सावलीत पंच्यावर सुकवी, मुडपलेले पीस वाफेवर धरून बोटाने सरळ करी आणि बुडाची लव खुडून टाकी. मग लांबीप्रमाणे कागदाच्या पुड्या. त्या कामावर माझे बेळगावचे कॉलेज चालले.

पुड्या कॅम्पात मीच पोचवी. एकदा साहेब व्हरांड्यात बसून गळाच्या आकड्याभोवती आमचे पीस रेशमी दोऱ्याने गुंडाळत होता. पाण्यात ते किड्यासारखे हलते आणि मासा फसतो, असे त्यानेच कौतुकाने सांगितले. पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आक्काने विचारले,

"कशाला लागत्यात रं ही पिसं सायबाला?"

"मडमांच्या टोपीला."

"अगंबाई! डोस्क्यावर पाखरू बसल्यागत दिसत आसतील की!" ती कितीतरी वेळ हसत होती.

बी. ए. व्हायला अजून दोन वर्षे होती. मी पुड्या पोचवत राहिलो...

निकाल लागला त्या दिवशी तिला गळाचे खरे काय ते सांगितले. तिने रिठ्याच्या पाण्यातून हात बाहेर काढले.

"तुला कवा कळलं?"

"दोन वर्सं झाली, आक्का."

"आता ह्या हातानं म्हाराजांची पिंछी कशी बांधू रं?"

एवढेच बोलली. चातुर्मास संपत आला तसे लोक महाराजांच्या नव्या पिंछीसाठी मोरपिसे घेऊन दारात आले. कधी खोटे न बोललेली आक्का त्यांना म्हणाली, "न्हाय जमायचं आता. नजर गेली माझी." खरे कारण सांगितले असते, तर बोट माझ्याकडे वळले असते. त्यानंतर देवळात जाताना ती शेजारणीचा हात धरी. "पायरी हाय आक्का, जपून," असे कुणी म्हटले, की "व्हय गं," म्हणून पाय चाचपत टाकी. असे बारा वर्षे.

अंत्ययात्रेतही कुणीतरी हळहळले, "नजर गेली आन् बाईची पिंछी सुटली." मी तेव्हाही गप्पच होतो. म्हणून हे लिहितो आहे.

तिच्या खोलीत तांदळाचा डबा आहे. दार लावून, खिडकीच्या उजेडात तिने निवडलेले तांदूळ. काल ते ताटात पसरून पाहिले... एक खडा नाही, एक अळी नाही.