विहिरीतला गुलाबी हत्ती

आमच्या पेठेत तालमीमागं पायऱ्यांची एक जुनी विहीर आहे. वर्षानुवर्षं लोक तिच्यात कचरा टाकत होते, तो आम्ही काढला. आम्ही म्हणजे आमची छोटीशी संस्था. कागदोपत्री मी सचिव. खरं काम तालमीचे वस्ताद आणि त्यांचे पैलवान करतात. माझ्याकडे ओरडायचं खातं, आणि ते मला झकास जमतं.

गाळ उपसल्यावर भिंतीत कोरलेला दगडी हत्ती निघाला. वस्ताद तिथंच चिखलात नाचले. याच विहिरीत ते पोहायला शिकले होते. मग पुरातत्त्व खात्याचा निरोप आला: साहेब पाहून जातील, आणि विहिरीची देखभाल संस्थेकडे ठेवायची की नाही ते सांगतील. वस्तादांचं जेवणावरचं लक्षच उडालं. विहीर आमच्याकडून गेली तर दाराला कुलूप लागणार आणि पुन्हा कचरा पडणार, हे त्यांना दिसत होतं.

नेमकी तेव्हाच मी भाचीच्या लग्नाला गगनबावड्याला गेले आणि तिथंच घात झाला. परत येऊन बघते तर हत्ती गुलाबी! सोंडेवर सोनेरी वेलबुट्टी, डोळ्यांत काजळ.

"वहिनी, कसा उठून दिसतोय बघा की!" वस्ताद म्हणाले. "गणपती मंडळाचा ऑइलपेंट शिल्लक हुता."

मोठा पाहुणा यायचा म्हटल्यावर आमच्याकडे आधी रंगाचा डबाच उघडतात. मला रडूही येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

साहेब आले. हत्तीपुढं उभे राहून त्यांनी सोंडेवरची वेलबुट्टी नखानं खरवडून पाहिली. मग म्हणाले, "हे कोणी केलं?"

"म्या," वस्ताद पुढं झाले. "पोरांचा दोष न्हाय. मला काय बी सजा करा सायेब, पर हीर काढून घिऊ नका."

साहेबांनी निकाल पुढं ढकलला. आधी रंग निघायला हवा, तोही दगडाला ओरखडा न उमटता. खात्याच्या माणसानं लेप शिकवला. तो लावायचा, सुकू द्यायचा आणि मऊ ब्रशनं अलगद काढायचा. मग काय, ते आडदांड गडी बाळाला न्हाऊ घालावं तसे हत्तीच्या कानामागं बसायला लागले. कुणी जोर लावला की वस्ताद खेकसायचे, "आरं, हत्ती हाय त्यो, जोडीदार न्हवं!"

रंग निघाल्यावर साहेब पुन्हा आले. हत्तीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

"विहीर तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "रंगाचे डबे मात्र मी घेऊन जातो."

वस्तादांनी वाकून त्यांना उचललं आणि कुस्ती मारलेल्या पैलवानासारखं थेट खांद्यावर घेतलं. साहेब वरून जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "अहो, विहिरीपासून लांब! लांब!" वस्तादांना काही ऐकू येत नव्हतं. ते ढसाढसा रडत होते.