एका एमबीत न मावलेला बाजार

सकाळी साडेअकराला आमच्या कॉम्प्युटरनं गुरुजींचा प्रबंध उघडायला साफ नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. मेमरी पुरत नाही, एवढाच तिचा अर्थ. मी एन्टर दाबलं. तीच ओळ. परत दाबलं. तीच ओळ. मागं स्टुलावर बसलेल्या गुरुजींनी विचारलं, "काय म्हणतंय?"

"विचार करतंय," मी म्हणाले. खोटं बोलताना माझा आवाज फार गोड होतो. घरच्यांना हे आता कळलंय. गुरुजींना तेव्हा माहीत नव्हतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि अंबाजोगाईत एका टायपिंगच्या दुकानात ऑपरेटर होते. कॉम्प्युटरवर मराठी उमटवून देणारं गावातलं एकमेव दुकान, म्हणून माझा रुबाब तहसीलदारापेक्षा कमी नव्हता. गुरुजी युसूफ वडगावच्या शाळेत शिकवायचे. त्यांनी सात वर्षं केज तालुक्यातले आठवडी बाजार पालथे घालून पीएच.डी.चा प्रबंध लिहिला होता. एक मुदतवाढ मिळून संपत आली होती, दुसरी मिळणार नाही असं पत्र त्यांच्या वरच्या खिशात होतं. प्रबंध उद्या दुपारपर्यंत विद्यापीठात पोचला तर ठीक. नाहीतर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. त्यासाठी आज पाचची एसटी पकडायची होती. दोनशे पानं छापून झाली होती. शेवटची एकतीस राहिली होती, निष्कर्ष आणि तक्ते. आणि त्या आठवड्यात रोज दुपारी तीनला लाईट जायची, ती पाचनंतर यायची.

सगळा प्रबंध एकाच फाइलमध्ये होता. हा गुरुजींचा हट्ट. प्रकरणागणिक वेगळी फाइल करू का, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. ते म्हणाले, "सुट्ट्या पानांचं हजेरीपत्रक मी जन्मात ठेवलं न्हाई, पोरी. सगळं एका बस्त्यात पायजे." मी मान डोलावली. ती मान मी डोलवायला नको होती.

कारण त्या काळच्या मशीनची तऱ्हा अशी. घरात पुढं एक ओसरी, सहाशे चाळीस केबीची. काम करायचं ते ओसरीतच, मग घर केवढंही असो. ओसरीवर माळा. आमचं मराठीचं सॉफ्टवेअर हुशार होतं, ओसरी भरली की जादा सामान माळ्यावर टाकायचं. पण आमच्या मशीनला सगळी मिळून मेमरी एक एमबी. म्हणजे माळा असा की त्यावर एक मांजर चढलं तरी गर्दी व्हायची. आदल्या संध्याकाळी मी शेवटचे तक्ते टाकले, फाइल सेव्ह केली आणि मशीन बंद करून घरी गेले. आज मशीनला तो बाजार पेलवेना.

आधी मी ओसरी झाडली. माउसचा प्रोग्राम काढला, व्हायरसचा राखणदार काढला, घड्याळ दाखवणारं काहीतरी होतं तेही हाकललं. मशीन पुन्हा चालू केलं. फाइल उघडायला लागली. चाळीस पानं, नव्वद, दीडशे... आणि पुन्हा तीच ओळ.

आता गुरुजींना खरं सांगावं लागलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं नाही तर माझ्याच फडक्यानं पुसला आणि परत घातला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मग उपाय?"

"मेमरीच्या पट्ट्या. नव्या मागवल्या तर चार दिवस लागतील. गावात फक्त एका मशीनमध्ये जास्त आहेत." बसस्टँडजवळ आमचे प्रतिस्पर्धी होते, त्यांच्याकडं. त्यांच्या मशीनला मराठी येत नव्हतं, तिथं इंग्रजीत पगारपत्रकं व्हायची. त्यामुळं फाइल तिकडं नेऊन उपयोग नव्हता. पट्ट्याच इकडं आणायला हव्या होत्या. "पण ते द्यायचे न्हाईत, गुरुजी. आमचं मशीन जळालं तर ते पेढे वाटतील."

गुरुजींनी नाव विचारलं. मी सांगितलं. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चौथीला माझ्या वर्गात होता."

तासाभरानं दोघं आले. प्रतिस्पर्ध्याच्या हातात पोह्यांचा स्टीलचा डबा, आत फडक्यात गुंडाळलेल्या चार पट्ट्या. तो दारातूनच म्हणाला, "काय ताई, तुमच्या मशीनला विसर पडतोय म्हणं?"

"विसर न्हाई, अजीर्ण झालंय."

"झेपत न्हाई तर कामं घेता कावून?"

"चपला बाहेर काढ बे," गुरुजी मागून म्हणाले. मिशीवाला, दोन लेकरांचा बाप तो माणूस निमूट मागं गेला आणि चपला काढून आला.

आमचे मालक त्या दिवशी संकष्टी म्हणून लिंबागणेशला गेले होते, ते चंद्रोदयानंतर येणार. मशीनचं झाकण उघडायची मला सक्त मनाई होती. तरी मी स्क्रू काढले. झाकण निघालं आणि आम्ही तिघं वाकलो. मेमरीच्या आठ खाचा, चार भरलेल्या, चार रिकाम्या. पट्ट्या बसवायच्या त्या चारही एकदम. तीन बसल्या आणि एक रुसली तर मशीन चौघींनाही ओळख देत नाही. प्रतिस्पर्ध्यानं एकेक पट्टी तिरपी धरून आत घातली. मी बटण दाबलं.

त्या मशीनची एक पद्धत होती. सुरू होताना ते आपली मेमरी मोजून दाखवायचं, पडद्यावर केबीचे आकडे टिकटिक करत चढायचे; एक हजार चोवीस म्हणजे आमची जुनीच एक एमबी. सहाशे चाळीस. नऊशे. एक हजार चोवीस. थांबलं.

"लई जुनाट हाय तुमचं," प्रतिस्पर्धी म्हणाला. "गुरुजी, मी म्हणतो, शेळ्यांचे तक्ते वगळा. तेवढ्यानं हलकं होईल."

"शेळ्या वगळल्या तर निष्कर्ष कशाचा काढू? तुझा?"

एक वाजून वीस मिनिटं. पट्ट्या काढल्या, पुसल्या, परत घातल्या. एक हजार चोवीस. पुन्हा काढल्या. गुरुजींनी पत्र खिशातून काढलं, न वाचता परत ठेवलं. हे त्यांनी तिसऱ्यांदा केलं होतं आणि मी मोजत होते.

शेवटी मी टॉर्च घेऊन खाचेत डोकावले. तिसऱ्या रिकाम्या खाचेच्या तळाशी काहीतरी लाल होतं.

तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला.

मला हसू आलं, पण ते मी तोंडातच दाबलं. खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा व्हायची. सगळी दुकानं वरून हळदीकुंकू लावतात. आमच्या मालकांना ते पटायचं नाही. "टिळा टोपीवर लावतात का? कपाळावर लावतात," असं म्हणून त्यांनी स्वतः झाकण उघडलं होतं आणि थेट मेंदूवर हळदीकुंकू, अक्षता वाहिल्या होत्या. आरतीचं ताट कोणाच्या हातात होतं म्हणता? माझ्याच.

मी केसातला आकडा काढला. "लोखंड न्हाई!" प्रतिस्पर्धी ओरडला. मग गुरुजींनी कोपऱ्यातल्या केरसुणीची एक काडी मोडून आणली. वर्गात ज्या हातानं त्यांनी पोरांना वळणदार अक्षर गिरवायला शिकवलं, त्याच हातानं त्यांनी ती काडी खाचेत सरकवली. दाणा हलला. अडकला. मग तो टपकन खाली पडला आणि प्रतिस्पर्ध्यानं नकळत हात जोडले.

पट्ट्या पुन्हा बसल्या. बटण. सहाशे चाळीस. एक हजार. एक हजार चोवीस. आकडा तिथं क्षणभर रेंगाळला असं मला आजही वाटतं. मग एक हजार ऐंशी. बाराशे. दोन हजार. "चढतंय, चढतंय!" प्रतिस्पर्धी किंचाळला, जणू स्वतःची बैलजोडी शर्यतीत होती. पाच हजारांवर जाऊन ते थांबलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी फाइल उघडली. मी छपाई सुरू केली. आमचा प्रिंटर मराठीचं एक पान दोन मिनिटांत काढायचा, आणि तेही कोणीतरी गळा दाबल्यासारखं ओरडत. हिशेब करा. मी केला होता, पण कोणाला सांगितला नव्हता.

तीनच्या ठोक्याला लाईट गेली. सत्तावीस पानं झाली होती. मशीनच्या जोडीला प्रिंटरची पिनही मी आधीच बॅटरीवर लावून ठेवली होती; बॅटरी म्हणजे तो जड डबा, लाईट गेली की बारक्या आवाजात बोंब मारणारा. कंपनी म्हणायची दहा मिनिटं चालेल. आम्हाला कधी सातच्या वर मिळाली नव्हती, आणि तीही प्रिंटर नसताना.

"पडदा बंद करा," मी म्हणाले. "पडदाच लई खातो."

"मग दिसंल कसं?" प्रतिस्पर्ध्यानं विचारलं.

"नाही दिसणार."

पडदा काळा झाला. आता प्रिंटर काय छापतोय, कुठवर आलाय, काहीच कळेना. फक्त कागद वर सरकत होता. अठ्ठावीस. एकोणतीस. बॅटरीची बोंब लांबायला लागली. तीस. गुरुजी प्रिंटरजवळ उभे राहून कागद हातानं अलगद झेलत होते, ओढत नव्हते. एकतिसावं पान अर्धं आलं. पाऊण. आणि प्रिंटर थांबला. त्याच दमात बॅटरीही गप्प झाली.

पान संपलं म्हणून थांबला, की बॅटरी संपली म्हणून? प्रतिस्पर्ध्यानं दार उघडलं तेव्हा उजेड आला. गुरुजींनी पान वर धरलं, चष्मा सावरला आणि बोट खाली खाली नेलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"निंबाळ्याचा सोमवारचा बाजार," ते म्हणाले. "हाच शेवटचा."

मी तिथंच फरशीवर बसले. प्रतिस्पर्ध्यानं मिनिटही न दवडता आपल्या चार पट्ट्या काढल्या, दोनदा मोजल्या, डब्यात घातल्या आणि गुरुजींची पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकून त्यांना एसटीपर्यंत सोडायला निघून गेला.

तिसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात आले. स्टुलावर बसले, खिशातून विद्यापीठाची शिक्का मारलेली पोच काढली आणि कीबोर्डवर ठेवली.

"वाच."

मी वाचली. प्रबंध मिळाला, पानं पूर्ण, मुदतीत.

"परत वाच," ते म्हणाले. या वेळी मी जरा मोठ्यानं वाचली, कारण दारात पोह्यांचा डबा घेऊन कोणीतरी उभं होतं आणि या खेपेला चपला आधीच बाहेर काढून आलं होतं.