पुसायला सांगितलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि ज्याला सांगायला हवं तो माणूस महिन्यातून एकदा माझ्याच दुकानातल्या स्टुलावर येऊन बसतो — त्यालाही नाही. मग तुम्हालाच का? तुमची-माझी गाठ पुन्हा पडायची नाही, म्हणून असेल.

भाईंदर पूर्वेला, खारीकडे जाताना माझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, मॅट, हॉर्न, पॉलिश. पंचवीस वर्षं गल्ल्यावर बसलोय. खरं सांगू? मला गिऱ्हाईक कधी आवडलंच नाही. तोंडाने 'या, बसा' चालू असतं आणि मनात शिव्या. पास्कल अंकलना मात्र शिव्या द्यायलासुद्धा काही कारण सापडायचं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

अंकल उत्तनचे. साठी उलटलेली, कारखान्यात फिटर होते, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी — मर्लिन. चार वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं आणि अंकल टायरचं पॉलिश बघायला आले. टायरचं! "माजे पोरीचा लगीन हाय. माजेच गाडीतून चर्चला जानार ती. टायर कसे, नवे कोरे दिसाला पाह्यजेत." गाडी जुनी, पांढरी. मर्लिन म्हणत होती, कुठेतरी देऊन करून घ्या. यांना स्वतःच्या हाताने करायचं होतं.

पहिल्या खेपेला तासभर बसले. चहा पाजला मी. बोलता बोलता थोरल्या भावाचं सांगितलं — शेवटी शेवटी त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, पोटची पोरं ओळखेना. "मना मरनाचा भ्याव न्हाय," म्हणाले, "त्याचा हाय." हे त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या खेपेला दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती. अंकलनी पत्रिका दिली, आणि मग हळूच, अगदी मायेने विचारलं, "तुजी पोरगी अजून घरातच ना? मी तिचेसाठी मेनबत्ती लावतो." माझी मुलगी तेव्हा चौतिसाची होती. शिकलेली, कमावती, तिला स्वतःला काही पडलेलं नव्हतं. पण ती दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती ना! कुणी टोमणा मारला असता तर मी दहा सुनावले असते. दयेला काय सुनावणार? मी म्हटलं, "लावा ना अंकल, लावा." आणि तिथेच माझं डोकं फिरलं. — हे कारण म्हणून सांगत नाहीये. एवढंच होतं, हे सांगतोय.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते तिसऱ्यांदा आले. टायरचं पॉलिश दोन प्रकारचं मिळतं. एक पाण्याचं — दुधासारखं दिसतं, लावलं की वाळतं, हाताला लागत नाही, चमक बेताची. दुसरं तेलाचं — चमक भारी, पण लवकर वाळत नाही. ते स्पंजाने पातळ लावायचं, थोडा वेळ थांबायचं आणि सुक्या कपड्याने जास्तीचं पुसून घ्यायचं. नाही पुसलं तर चाक फिरलं की ते उडतं, दारांवर काळे ओघळ येतात, आणि कपडा लागला तर कपडा गेलाच. हे मी रोज दहा जणांना सांगतो. नव्या नवरीचा झगा पांढरा, जमिनीवर लोळणारा, आणि ती उतरणार मागच्या दारातून, चाकाला घासूनच. मला कुणी समजावून सांगायला हवं होतं का?

मी तेलाची बाटली काढून दिली. अंकलनी पुसायला एक फडकंही उचललं होतं. म्हटलं, "चांगलं थापून लावा. आणि पुसू नका हं, पुसलं की चमक जाते. लावलं की गाडी काढा." एक गोष्ट मात्र बजावली — जमिनीला टेकतो त्या भागावर लावू नका, गाडी घसरेल. बघा, किती काळजी माझ्या मनात!

मी लग्नाला गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून, पाकीट घेऊन. चर्चपुढे गाडी आली. दारावर ओघळ दिसत होते, पण बँडच्या गडबडीत तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. टायर मात्र खरंच नवे कोरे. मर्लिन उतरली, झगा सावरत वळली, आणि कमरेखाली तळहाताएवढा काळा डाग. अंकल धावले, रुमालाने चोळायला लागले. तो डाग चोळायचा नसतो, वर पावडर टाकून टिपायचा असतो. मी तीन पावलांवर उभा होतो. एक शब्द बोललो नाही. ते चोळत होते, डाग पसरत होता. मला बरं वाटत होतं. हो — बरं वाटत होतं, लपवून काय करू?

"डॅडी, काय लावलंस तू हे?" मर्लिन रडत ओरडली. सगळी माणसं बघत होती. अंकलनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आता नाव घेणार, असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच मोठ्याने म्हणालो, "अंकल, पुसायला सांगितलं होतं ना मी? दोनदा सांगितलं होतं."

डाग ही काही माझी कबुली नव्हे. झग्याचं काय, कमरेला शाल गुंडाळून लग्न लागलं. माझी कबुली ही — हे वाक्य.

ते माझ्यावर चिडले नाहीत हो. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "सांगितलं आसंल," म्हणाले. "मी इसरलो." आणि ते घाबरले. का घाबरले ते त्या अख्ख्या गर्दीत फक्त मला कळलं.

पुढे मर्लिनने गाडीची चावी काढून घेतली, मग गाडीच विकली. डॅडींना विसरायला होतंय, असं सगळ्यांनी ठरवलं आणि पहिल्यांदा ते डॅडींनीच मान्य केलं. रविवारी ते चर्चमध्ये वाचन करायचे — ओळ सुटेल म्हणून सोडलं. बसने भाईंदरला यायला निघतात, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्यातून परत जातात. खिशात चिठ्ठ्या असतात. माझ्याकडे येतात, कारण मी त्यांच्याशी नीट बोलतो. तसं म्हणतात ते.

मागच्या महिन्यात आले, स्टुलावर बसले. मग म्हणाले, "एक इचारू? खरा सांग. तू पुसाला सांगितलं होतंस ना? मना रोज आठवतंय, का तू बोललास, पुसू नको. माजे हातात फडका होता, आनि तू बोललास, पुसू नको."

बरोबर आठवत होतं. फडकंसुद्धा. दुकानात आम्ही दोघंच होतो. ऐकायला कुणी नव्हतं, हसायला कुणी नव्हतं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. त्यांचं डोकं त्यांना परत मिळालं असतं, तिथल्या तिथे, त्या स्टुलावर.

मी म्हटलं, "सांगितलं होतं, अंकल. दोनदा."

त्यांनी मान हलवली. "मंग डाक्टरला दाखवाला लागंल," म्हणाले आणि उठले. रस्त्यावर रिक्षा फार होत्या. पलीकडे जायला त्यांनी माझा हात धरला. मी धरू दिला.