टिकलीवरचा काटा

पगारे काका गाडीत बसायच्या आधी गाडीखाली बघायचे. कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी आधी उकिडवे बसायचे, एक हात जमिनीला टेकवायचे आणि मान वाकडी करून खालची फरशी बघायचे. मग उठून पँट झटकत म्हणायचे, "कोरडं हाय. चला." कॉलनीतली माणसं हसायची. "काका, खाली वाघ बसलाय का?" असं कुणीतरी विचारायचंच. काका म्हणायचे, "वाघ दिसतो रे बाबा. पाणी कधी गेलं ते दिसत नाय."

इंदिरानगरला आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच राहायचे. सगळी नोकरी मनमाडला रेल्वेत झाली. काकू वारल्या होत्या, मुलगा पुण्याला. अंगाने दांडगे, आवाज मोठा, पण इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. मला त्यांच्याजवळ बरं वाटायचं, कारण मीही तशीच. फरक एवढाच, की काका घाबरले की बोलत सुटायचे आणि मी घाबरले की माझा आवाजच बसायचा.

मग आमच्या यांच्या किडन्या गेल्या आणि गंगापूर रोडच्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. रिक्षाच्या धक्क्यांनी यांना उलट्या व्हायच्या. काका स्वतःहून आले. म्हणाले, "गाडी म्हातारी हाय, मीबी म्हातारा. पण नेऊ तुम्हाला." डायलिसिसची एकही पाळी चुकवायची नाही, चुकली तर अंगात पाणी साठून श्वास कोंडेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसरं काही माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. गाडीने जरा आचका दिला तरी मला यांचा श्वास ऐकू यायचा.

उन्हाळ्यात ती गाडी तापायला लागली. इंजिनचं पाणी किती तापलंय ते दाखवणारा एक काटा समोर होता. त्याच्या पट्टीच्या दोन टोकांना इंग्रजी अक्षरं होती, ती मला कळत नव्हती. काकांनी विचारलं, "सुमन, टिकली हाय का तुझ्याकडं?" मी टिकल्यांचं पाकीट दिलं. त्यांनी एक लाल टिकली काचेवर काट्याच्या नेहमीच्या जागी चिकटवली. "काटा टिकलीवर पाहिजे. मी रस्ता बघतो, तू काटा बघ. वर गेला तरी सांग, खाली गेला तरी सांग. पण मोठ्यानं सांग."

मग रस्ताभर तेच चालायचं.

"सुमन, काटा?"

"टिकलीवर, काका."

"मोठ्यानं!"

"टिकलीवर!"

हे मागच्या सीटवर आडवे पडून हसायचे. "काका, लग्न झाल्यापासून हिचा एवढा आवाज मी ऐकला नाही."

तरी काटा टिकलीच्या वर चढायला लागलाच. गॅरेजवाल्याने बघून सांगितलं, थर्मोस्टॅट अडकलाय. पाणी तापलं की तोंड उघडून ते थंड व्हायला पुढे सोडणारं एक छोटं झाकण असतं, ते उघडत नव्हतं. "काढून टाकतो काका. सगळेच काढून टाकतात. नाशकात काय बर्फ पडतो का?"

"काढायचा नाय," काका म्हणाले. "आज तो काढला, उद्या म्हणशील ब्रेक काढतो. नवीन घालायचा, आणि मी स्वतः घालीन."

नवा थर्मोस्टॅट घेऊन ते आधी माझ्या स्वयंपाकघरात आले. "जुनं पातेलं दे. परत मागू नको." जुना आणि नवा, दोन्ही दोऱ्याला बांधून त्यांनी पाण्यात सोडले आणि गॅस लावला. पाणी चांगलं तापलं तसं नव्याने हळूच तोंड उघडलं. काकांनी टाळी वाजवली. "उघडला गं बाई! आणि हा जुना बघ, उकळलं तरी तोंड मिटून. तुझ्यासारखाच." पलंगावरून हे हसले. मलाही हसू आलं.

मग इंजिन पार गार झाल्यावर काकांनी अंगणात काम काढलं. बादलीत जुनं पाणी सोडलं, पाइप काढला, वरचं कव्हर खोललं, नवा थर्मोस्टॅट घालून बोल्ट आवळले. "ढिला राहिला तर?" म्हणून आणखी आवळले. हात धुऊन चहा प्यायले आणि पाना घेऊन परत गेले. पुन्हा आवळले.

पुढच्या पाळीला निघालो तेव्हा खाली कोरडं होतं. भर दुपार, रस्त्यात गाड्यांची गर्दी. काटा टिकलीवर होता, थोडा वर सरकला आणि एकदम खाली पडला. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, गाडी थंड झाली. पण खाली गेला तरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "काका, खाली गेला." हॉर्नच्या आवाजात ते ऐकूच गेलं नाही. मग मी ओरडले, "काका, काटा पडला!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. गाडी बाजूला घेऊन त्यांनी बंद केली. "एवढ्या उन्हात काटा असा पडत नसतो, पोरी. पाणी गेलं. मोजायला पाणीच उरलं नाय." बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी बाटली घेऊन धावले, तर त्यांनी मला मागे ओढलं. "रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नको! मनमाडला एकाचं तोंड भाजलेलं बघितलंय मी. तू यांना घे आन् जा." त्यांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून रिक्षा थांबवली. एरवी रस्ता ओलांडायलाही भिणारा माणूस.

पोचेपर्यंत यांना धाप लागली होती. पण सुई लागली, मशीन सुरू झालं.

संध्याकाळी काका दारात आले. "मीच आवळून आवळून कव्हरला तडा पाडला. कव्हर गार असताना तडा मिटायचा, तापलं की उघडायचा; म्हणून निघताना खाली कोरडं दिसलं. भीती बघायला लावते तोवर बरी, सुमन. तिच्या हातात पाना द्यायचा नाय." नवं कव्हर त्यांनी गॅरेजवाल्याकडून बसवून घेतलं. मात्र तो आवळत होता तेव्हा शेजारी उकिडवे बसून होते.

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. मुलाने गाडी पुण्याला नेली. ती निघताना मी नकळत खाली वाकून पाहिलं. कोरडं होतं. काचेवर टिकली तशीच होती.

आता आम्ही रिक्षाने जातो. तिथे बघायला काटा नाही, म्हणून मी यांच्या तोंडाकडे बघत बसते. परवा मशीन चालू होतं. हे नेहमी कण्हत असतात, पाय दुखतात म्हणतात. त्या दिवशी एकदम गप्प झाले. शेजारच्या खाटेजवळची बाई म्हणाली, "डोळा लागला वाटतं. बरं झालं." मलाही क्षणभर बरं वाटलं. मग कपाळाला हात लावला तर गार, घामाने ओलं. सिस्टर पलीकडच्या टोकाला पाठमोरी होती. तिला हाक मारायची होती, पण तोंडून निघालं ते भलतंच.

"काका, काटा पडला!"

सगळा वॉर्ड वळला. सिस्टरला काय कळलं कुणास ठाऊक, पण ती धावत आली. प्रेशर फार उतरलं होतं. तिने यांचे पाय उंच केले, सलाईन सोडलं, दुसऱ्या सिस्टरला बोलावलं. मी खाटेची दांडी धरून उभी होते.

बऱ्याच वेळाने यांनी डोळे उघडले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"काटा?" यांनी विचारलं.

"टिकलीवर," मी म्हटलं. मग काका आठवले, आणि मी पुन्हा मोठ्याने म्हटलं, "टिकलीवर!"