वाळूचा नंदी

शेजारी घर बांधताहेत. वाळूच्या ढिगावर पाणी मारलं की तो ओला वास थेट माझ्या खोलीत येतो आणि मला आमची अक्का दिसते.

बेंगळुरात कुठला आलाय समुद्र! पण साठ सालाच्या आसपास आमच्या कारखान्याच्या वसाहतीत नवी घरं उठत होती, तिथल्या वाळूवर मुलांची शिल्पांची स्पर्धा ठेवली होती. सगळे दिवाळीच्या किल्ल्यासारखे खालून वर थापत बसले, आणि सगळ्यांचं ढासळलं. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मात्र बूड कापलेल्या डब्यात ओली वाळू ठासली, डबा अलगद वर काढला आणि चमच्यानं माथ्यापासून खाली कोरत आली. बसवनगुडीच्या देवळातला तो भला थोरला नंदी असा बसला, की वाटावं आता शेपूट हलवेल!

परीक्षक होत्या आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, साहेबांच्या बाई. म्हणाल्या, "हे पोरीचं काम नव्हे. कुणी करून दिलं गं?"

"मीच केला. अण्णांना विचारा, सकाळपासून इथंच बसलेत."

बाईंनी वळून पाहिलं. आमचे अण्णा हसले. "मुलं काय मॅडम, सांगतात काहीही."

बाईंनी छत्रीच्या टोकानं नंदीचं डोकं पाडलं. "खोटारड्यांना हेच बक्षीस!" लोक खिदळले.

अक्का नंदीकडे बघतच नव्हती. ती अण्णांकडे बघत होती.

तेव्हा मला बाईंचा राग आला होता. आता त्यांचा चेहराही आठवत नाही, अण्णांचं हसू मात्र आठवतं. अक्कानं पुढं त्यांचं म्हातारपण निगुतीनं काढलं, पण बोलली ती कामापुरतंच.