पाच मिनिटं लेट ग्रह

ग्रह पाच मिनिटं लेट होता, आणि त्यामुळे आमचे सर कॉलवर भलतेच खूष होते.

"ओळीने तीनदा लेट! म्हणजे त्याला कुणीतरी ओढतंय. तिथे दुसरा ग्रह आहे. संध्याकाळपर्यंत रिसर्च पेपरचा ड्राफ्ट पाठव. पहिलं नाव तुझं."

मी पुण्यातल्या एका संस्थेत दुर्बिणींचा डेटा तपासते. त्या आठवड्यात वाटूरला, माहेरून काम चालू होतं. आमचा हा ग्रह म्हणजे गुरूएवढा वायूचा गोळा, पाय ठेवायला जमीनच नाही. दूरच्या ताऱ्याभोवती तो साडेतीन दिवसांत फेरी मारतो. तो स्वतः दिसत नाही. ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड जेमतेम एक टक्का कमी होतो, तेवढाच पुरावा. याला ट्रान्झिट म्हणतात. त्याची वेळ आधीच काढता येते. मिनिटाचा फरक पडला तरी आम्ही कान टवकारतो.

पहिलं नाव! सहा वर्षं माझं नाव कायम तिसरं नाहीतर चौथं. मी हवेतच होते. चहा घेताना बाबांना सगळं सांगितलं. बाबा एसटीत कंट्रोलर होते. वाटूर फाट्यावर गाड्यांच्या वेळा लिहिण्यात त्यांचा जन्म गेला.

कौतुक राहिलं बाजूला. "लेट हाय म्हणतेस, पण टायम कुठला धरला तुमी?"

"म्हणजे?"

"लोकं जालन्याहून सुटायचा टायम पाहून यायचे अन् माह्याशी भांडायचे, गाडी लेट म्हणून. गाडी बिलकुल बराबर असायची. फाट्यावर यायला टायम लागतो का न्हाई?"

चहा अर्धा टाकून मी लॅपटॉप उघडला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचा उजेड आपल्याकडे कधी लवकर, कधी उशिरा पोचतो. फरक आठेक मिनिटांपर्यंत जातो. म्हणून आम्ही सगळ्या वेळा सूर्यावर बसून मोजल्यासारख्या बदलून घेतो. ग्रहाचं आमचं वेळापत्रकही सूर्यावरचंच. पण या तीन ट्रान्झिटची फाइल दुसऱ्या दुर्बिणीवरून आलेली, तिच्यातल्या वेळा पृथ्वीवरच्याच होत्या. तसं फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिलेलंही होतं. मी ती वाचलीच नव्हती.

वेळा बदलल्या. ग्रह तिन्ही वेळा ठरल्या मिनिटाला हजर. सरांना फोन लावला.

"सर, दुसरा ग्रह नाही. चूक माझी आहे."

सर म्हणाले, "छापून आल्यावर कळलं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती. आता खरं ते लिही. ग्रह वेळेवर आहे. पेपर छोटा होईल, पण पहिलं नाव तुझंच."

तो छोटा पेपर आला. फार कुणी वाचला नसेल, मला मात्र त्याचा फार आनंद झाला. आता कितीही घाई असो, फाइल मी पहिल्या ओळीपासून वाचते. नवा ग्रह अजून सापडलेला नाही. झोप मात्र छान लागते.